संशोधनसंस्थांचीं नियामक मंडळें व त्यांत एतद्देशीयांचा प्रवेश

कोणत्याहि संशोधनसंस्थेचा इतिहास पाहतांना तिनें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांची यादी आपण प्रथम हातीं घेतों. तिच्या नियामक मंडळांत कोण बसले, त्यांस कोणत्या गुणावर निवडलें व कोणास दाराबाहेर ठेविलें, इकडे सहसा लक्ष जात नाहीं. आमच्या मतें संस्थेचें अंतरंग ह्या दुसऱ्या गोष्टीवरूनच अधिक कळतें. म्हणून आपल्या देशांतील जुन्या संस्थांचा ह्या एका दृष्टीनें विचार करण्याचें योजिलें आहे.

ता. १५ जानेवारी १७८४ रोजीं कलकत्त्यास सुप्रीम कोर्टाच्या ग्रँड ज्युरीच्या दालनांत सुमारें तीस युरोपीय गृहस्थ जमले व एशियाटिक सोसायटीचा जन्म झाला. योजना सर विल्यम जोन्स ह्यांची. परंतु सत्ताधाऱ्यास मान देण्याच्या रिवाजास अनुसरून अध्यक्षपद प्रथम गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज ह्यांस देऊं केलें. त्यांनीं तें नाकारलें. आपणांस सवड नाहीं, आणि ज्याच्या बुद्धींतून ही कल्पना निघाली त्यानेंच अग्रस्थानीं बसावें, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं ३० जानेवारीस पाठविलें व ५ फेब्रुवारीस जोन्स अध्यक्ष झाले. हेस्टिंग्ज ह्यांच्या एकंदर कारभाराविषयीं मराठी वाचकाचें मत कांहींहि असो, हा निर्णय त्यांनीं शहाणपणाचा घेतला. देऊं केलेली खुर्ची योग्य माणसासाठीं सोडणारा अधिकारी विरळाच.

सभासदाची पात्रता काय असावी, हेंहि जोन्स ह्यांनीं आपल्या पहिल्या व्याख्यानांत सांगून ठेविलें होतें. ज्यास स्वतः सभासद होण्याची इच्छा असेल त्यासच घ्यावें, आणि ज्ञानाची प्रीति व तें वाढविण्याची तळमळ ह्यांपलीकडे दुसरी अट घालूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. कसोटी उत्तमच. मात्र ह्याच व्याख्यानांत, एतद्देशीय विद्वानांस सभासद करून घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनीं पुढें केव्हां तरी ठरवावयाचा म्हणून सभेवर सोपविला. तें 'पुढें केव्हां तरी' उगवण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं.

ह्या अवधींत संस्थेस एतद्देशीयांची गरज नव्हती असें मुळींच नाहीं. सोसायटीच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १७८८ सालीं निघाला. त्यांत दिल्लीच्या फिरोजशाही स्तंभावरील लेखाचें भाषांतर आहे, तें राधाकांत शर्मा ह्यांनीं लावून दिलेल्या अर्थावरून केलेलें. काशीचे मुख्य न्यायाधीश अली इब्राहीम खान ह्यांचा दिव्यांवरील निबंध त्याच खंडांत आहे. गोवर्धन कौल ह्यांच्याकडून आलेला हिंदूंच्या वाङ्मयावरील लेखहि आहे. ह्या तिघांचें लेखन छापण्यास योग्य ठरलें, पण त्यांस सभेंत आसन नव्हतें! विद्या आंत यावी आणि विद्वान् बाहेर राहावा, ही व्यवस्था त्या काळीं कोणास विपरीत वाटली नाहीं.

१८२९ सालीं डॉ. होरेस हेमन विल्सन ह्यांच्या सूचनेनें दार उघडलें. परंतु तें प्रथम कोणासाठीं उघडलें? द्वारकानाथ टागोर, प्रसन्नकुमार टागोर, रसमय दत्त, रामकमल सेन हीं त्यांतील नांवें पाहावीं. सर्व कर्तबगार व सुशिक्षित, ह्यांत शंका नाहीं. पण बहुतेकांची ओळख जमीनदारी, व्यापार किंवा सरकारी हुद्दा ह्यांवरून होती. ज्यांच्या खांद्यांवर पहिला खंड उभा राहिला, त्या पंडितांच्या वर्गाचा माणूस ह्या नांवांत दिसत नाहीं. एवंच, एतद्देशीयांस प्रवेश मिळाला तरी पंडितास तो मिळाला, असें म्हणतां येत नाहीं.

रामकमल सेन ह्यांची गोष्ट मात्र थोडी निराळी. त्यांनीं आयुष्यास आरंभ केला तो डॉ. हंटर ह्यांच्या छापखान्यांत खिळे जुळविण्यापासून. नंतर सोसायटीच्याच कचेरींत कारकुनी केली व १८३२ सालीं ते तिचे 'नेटिव्ह सेक्रेटरी' निवडले गेले. हुद्द्यास जातीचें विशेषण चिकटविलेलें होतें, हें खरें. तथापि पगारी नोकर कारभारी झाला, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच वाटेनें पुढें राजेंद्रलाल मित्र आले. १८४६ सालीं ते ग्रंथपाल व दुय्यम चिटणीस म्हणून नोकरीस लागले, आणि १८८५ सालीं पहिले एतद्देशीय अध्यक्ष झाले. मध्यें एकोणचाळीस वर्षें गेलीं. पोथ्यांच्या याद्या, शिलालेख आणि संपादनें ह्यांत तीं खर्च झालीं.

मुंबईची हकीकत ह्याहून फार वेगळी नाहीं. सर जेम्स मॅकिंटॉश ह्यांनीं १८०४ सालीं काढलेली सभा पुढें रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली. तिच्यांत पहिले एतद्देशीय सभासद माणेकजी करसेटजी हे १८४० सालीं शिरले. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाचें जुन्या लेखांचें वाचन ह्याच शाखेच्या नियतकालिकांत आलें. तथापि न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्ष झाले ते १८९२ सालीं. भगवद्गीतेचे भाषांतरकार आणि हायकोर्टाचे न्यायाधीश, असा दुहेरी अधिकार त्यांच्या ठायीं होता. त्यांपैकीं कोणत्या अधिकारामुळें खुर्ची चालून आली, हें वाचकांनींच ठरवावें. पुढच्याच वर्षीं ते निवर्तले.

पुण्यास संस्था निघाल्या तेव्हां गोऱ्याकाळ्याचा प्रश्न बराच मागें पडला होता, पण आश्रयदाता वर कीं अभ्यासक वर, हा प्रश्न शिल्लक राहिला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर ६ जुलै १९१७ रोजीं स्थापन झालें. नांव विद्वानाचें, पहिले अध्यक्ष मात्र गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन. ह्यानें काम बिघडलें असें नव्हे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें प्रमुख संपादकत्व १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांजकडे आलें तें निर्विवाद विद्येच्याच बळावर. त्याच शहरांत सात वर्षें आधीं, १९१० सालीं, वि. का. राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे ह्यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें. एक फकीर संशोधक, दुसरा सरदार. जोडी योग्य होती. परंतु राजवाडे ह्यांचें मंडळाच्या चालकांशीं पुढें पटलें नाहीं व ते धुळ्यास गेले. तेथेंच ३१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यांचें निधन झालें, आणि त्यांचे कागद सांभाळण्यासाठीं पुण्यास नव्हे, धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ निराळें उभारण्यांत आलें.