पद आणि पात्र

म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वोडेयर यांच्या आश्रयाने १८८० च्या सुमारास दरबारची नाटकसभा उभी राहिली. तिच्यासाठी बसप्पशास्त्र्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ कानडीत आणले. योग असा की, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ही रंगभूमीवर आले. दोन्हीकडे नटाला गाता येणे अगत्याचे होते.

ध्वनिक्षेपकाचा तो काळ नव्हे. त्यामुळे मंडळीत प्रवेश मागणाऱ्या मुलाने चालकांपुढे कोणते पद म्हणावे, हा त्याच्या पोटापाण्याचाच प्रश्न होता. दरबारी गवयाला रागविस्ताराने सभा जिंकता येई. नटाला मात्र शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवून त्यांतून शकुंतलेची व्याकुळता प्रकट करावी लागे. अवघड चिजेने गळ्याची तयारी कळे, भूमिकेची जाण कळत नसे.

१८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर काही दरबारी गवई नव्हते. तरीही ‘सौभद्रा’तील त्यांची सुभद्रा रसिकांच्या मनात कायमची ठसली. आपल्या गळ्याला पेलणारे आणि पात्राच्या मुखी शोभणारे पद ज्याला निवडता येई, त्याची निम्मी परीक्षा गाण्याआधीच पार पडलेली असे.