नाण्यांची झीज आणि समाजाचा इतिहास

डेक्कन क्वीन मुलुंड, घाटकोपर मागे टाकून मुंबईला पोहोचते. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) पुण्याहून याच गाडीने टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येत. १९६२ पर्यंत ते तेथे गणिताचे प्राध्यापक होते. त्याआधी, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असतानाच, या गणितज्ञाने प्राचीन नाणी तोलण्यासाठी तराजू हाती घेतला होता.

ही चांदीची ‘आहत’ नाणी. त्यांवर राजाचे नाव नसते, सालही नसते. असतात ती फक्त ठशांनी उमटवलेली चिन्हे. मग त्यांचा कालक्रम कसा लावायचा? नाणे हातोहाती फिरताना झिजते, पण प्रत्येक नाणे सारखे झिजत नाही. म्हणून एका नाण्यावरून काहीच ठरत नाही. मात्र एकाच प्रकारची पुष्कळ नाणी घेतली, तर वापराच्या काळाबरोबर त्यांचे सरासरी वजन घटत जाते आणि वजनांतील तफावत वाढत जाते. कोसंबींनी चलनातील आधुनिक नाणी तोलून हे पडताळून पाहिले.

तक्षशिलेला १९२४ मध्ये हजाराहून अधिक आहत नाण्यांचा साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडर व फिलिप अरिडिअस यांची मोजकी, जवळजवळ कोरी नाणीही होती. त्यावरून हा साठा इ. स. पू. ३१७ च्या सुमारास पुरला गेला असावा, असे मानले जाते. कोसंबींना दिसले की, आहत नाण्याच्या मागील बाजूस बारीक ठसे जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी.

असे का व्हावे? ठशाने चांदी दबते, नाहीशी होत नाही. येथे नुसते गणित पुरत नाही. बाजाराचे व्यवहार ठाऊक असावे लागतात. व्यापारी ठरावीक काळाने नाणे तपासून त्यावर आपली खूण करत असले पाहिजेत, असा अर्थ कोसंबींनी लावला. म्हणजे ठसे वाढत गेले ते वापराच्या काळाबरोबर, आणि झीजही त्याच काळाबरोबर वाढली. विशिष्ट नाण्यांचे विशिष्ट राजांशी त्यांनी जोडलेले नाते सर्वमान्य झालेले नाही. पद्धतीचे महत्त्व मात्र त्याने कमी होत नाही.

वर्गातही हा प्रयोग करता येईल. एकाच धातूची व एकाच आकाराची, पण वेगवेगळ्या सालांची रुपयाची नाणी जमवा. सालवार गट करून प्रयोगशाळेतील संवेदनशील तराजूवर तोला आणि आलेख काढा. एखादे नाणे आलेखात वेगळे पडले, तर ते गल्ल्यात पडून होते की भाजीवाल्याच्या पिशवीत फिरत होते, हे तराजू सांगणार नाही. ते ज्याच्याकडून नाणे आणले, त्याला विचारावे लागेल.