हाडांचा जमाखर्च आणि माझा चहा

गेल्या बुधवारी सकाळी साडेसातला रक्त द्यायला गेले, उपाशीपोटी. पहाटे साडेपाचचा चहा ही माझी पंचेचाळीस वर्षांची सवय. शाळा सुटली तरी ती सुटली नाही. पण या तपासणीआधी काही खायचं-प्यायचं नसतं, फक्त पाणी. आणि याच चहाने मागच्या वर्षी माझी चांगली फजिती केली होती. ती हकिगत आज सांगून टाकणार आहे. नात्यातल्या बऱ्याच जणींनी माझ्या हाडांचं पुराण ऐकलेलं आहे, पण एवढा भाग वगळून!

सुरुवात आईपासून करावी लागेल. साठीनंतर आई वाकत गेली. १९८९ साली ती गेली, त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत तिचं नऊवारी लुगडं तिलाच मोठं होऊ लागलं होतं. काठ जमिनीवर लोळायचा, मग ती आणखी वर खोचायची. पाठ दुखायची तेव्हा तिळाचं तेल गरम करून चोळायचं, एवढाच उपाय. "वय झालं, दुसरं काय" असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

नंतर माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या वरच्या कप्प्यातली लोणच्याची बरणी, जी मी सहज काढत असे, ती आता दोन बोटं लांब राहते. कप्पा तर वर गेलेला नाही! सुनेने हट्टाने डेक्सा तपासणीला नेलं. आकडा आला उणे २.८. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवून दिलेली रेघ उणे २.५ ची आहे. तिच्या खाली गेलात की हाडं ठिसूळ, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

आमच्या गावातले हाडांचे डॉक्टर माझे विद्यार्थी. अजूनही 'बाई'च म्हणतात. त्यांनी आठवड्याला एक अशी ॲलेन्ड्रोनेटची गोळी लिहून दिली, आणि ती सुरू करण्याआधी रक्ताची एक तपासणी, सीटीएक्स. मी विचारलं, हाड आतमध्ये, मग ते रक्तात कसं तपासणार? ते म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगायचात ना, आधी शोधा आणि मग विचारा." झालं! मराठीची बी.ए. मी, विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीपुरता. पण इतिहास म्हटला की मला उत्साह येतो, म्हणून त्या बाजूने शिरले.

आणि काय मजेची गोष्ट सापडली म्हणता! १७३६ साली लंडनमध्ये जॉन बेल्चिअर नावाचे एक शल्यचिकित्सक कापड छापणाऱ्या एका माणसाकडे जेवायला गेले होते. पानात डुकराचं मांस होतं आणि त्यातलं हाड लाल. मांस नेहमीसारखंच, फक्त हाड लाल! चौकशी केली तेव्हा कळलं की रंगकामात वापरलेला, मंजिष्ठेच्या रंगात भिजलेला कोंडा त्या डुकरांना खायला घालत. (मंजिष्ठा म्हणजे आपल्याकडच्या वेलीची तिकडची बहीण. आणि कापड 'कॅलिको', ज्याचं नाव आपल्या कालिकतवरून पडलं. म्हणजे त्या जेवणात आपलाही वाटा होताच म्हणायचा.)

पुढे फ्रान्समध्ये द्युआमेल यांनी हेच मुद्दाम करून पाहिलं. जनावरांना काही आठवडे मंजिष्ठा द्यायची, मग बंद, मग पुन्हा द्यायची. हाड आडवं कापलं तर लाल आणि पांढरी कडी दिसली, झाडाच्या खोडात दिसतात तशी. हे गृहस्थ झाडांचेही अभ्यासक होते, त्यामुळे त्यांना ती उपमा नवी नव्हती. मग लंडनच्या जॉन हंटर यांनी दाखवलं की वाढत्या हाडात एका बाजूने भर पडते आणि दुसऱ्या बाजूने ते झिजवून काढलं जातं. आपण म्हणतो 'हाडासारखं टणक', पण ते गप्प बसलेलं नसतंच.

आज शास्त्रज्ञ सांगतात की मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. काही पेशी जुनं हाड खोदतात, काही तो खड्डा भरतात. खोदायला दोन-तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने. आमच्या नगरपालिकेचे रस्ते आठवले. खोदणाऱ्यांची टोळी वाढली आणि भरणारे तेवढेच राहिले की काय होणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

बाईमाणसाचं हे होतं ते पाळी गेल्यावर, ही गोष्ट बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ च्या सुमारास ठळकपणे मांडली. पासष्टीच्या आतले, पाठीचे मणके पोकळ झालेले ४२ रुग्ण त्यांनी पाहिले, त्यांतल्या ४० जणी पाळी गेलेल्या बायका होत्या. त्यांचा अंदाज असा की भरणाऱ्या पेशी आळसावतात. पुढे कळलं की खोदकाम वाढतं हा मोठा भाग. पण 'वय झालं' यापलीकडे कोणीतरी पाहिलं! तेव्हा माझी आई तरुण होती. चाळीस-पन्नास वर्षांत ही बातमी आमच्या गावापर्यंत पोचली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता प्रश्न असा, की जिवंत माणसाच्या हाडातलं हे खोदकाम मोजायचं कसं? माणसाला काही मंजिष्ठा खायला घालून कापून पाहता येत नाही. (तरी पुढे एक तोड निघालीच. टेट्रासायक्लिन हे औषध हाडात बसतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. थोड्या दिवसांच्या अंतराने ते दोनदा द्यायचं आणि कमरेच्या हाडाचा बारीकसा तुकडा काढून दोन चमकत्या रेघांमधलं अंतर मोजायचं. पुन्हा मंजिष्ठाच की!) रक्तात पाहण्याचा मार्ग १९२३ नंतर उघडला. रॉबर्ट रॉबिसन यांना हाड बनण्याच्या जागी एक विकर सापडलं, त्यालाच आपण आज अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणतो. हाडांच्या काही आजारांत ते रक्तात वाढतं. पण ते यकृतातूनही येतं, तेव्हा आकडा वाढला तर नक्की कोणाचा, हा घोळ.

मग १९६० च्या सुमारास हायड्रॉक्सिप्रोलिन. खोदलेल्या हाडाचा चुरा लघवीतून जातो, तो मोजायचा. त्यासाठी चोवीस तासांची लघवी भांड्यात साठवायची, आणि त्याआधी मांस, जेली असलं काही खायचं नाही, कारण त्यातूनही तोच पदार्थ येतो. ज्यांनी हे केलं त्या बायकांना माझा नमस्कार. आम्हाला एक छोटी नळी भरून रक्त द्यायचं तर आम्ही केवढी कुरकुर करतो!

यातला पुढचा धागा आपल्या मद्रासचा आहे, आणि तो वाचून मला फार आनंद झाला. हाडाचा सांगाडा ज्या प्रथिनाचा असतो त्याचं नाव कोलॅजेन. त्याची रचना १९५४-५५ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मद्रास विद्यापीठात मांडली. तीन धागे एकमेकांभोवती पिळलेले. म्हणजे तिपेडी वेणीच! मी डॉक्टरांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले की मग पुढचंही तसंच समजून घ्या. नवं कोलॅजेन तयार होताना दोन्ही टोकांना जादा भाग असतो, तो कापून टाकला जातो, शिंप्याकडे शिवून झाल्यावर दोरे कातरतात तसा. त्यातल्या एका टोकाची कात्रणं रक्तात मोजली की किती नवं हाड घातलं जातंय ते कळतं. ती तपासणी पी वन एन पी. आणि जुनं हाड खोदताना वेणीच्या शेवटच्या मोकळ्या टोकाचा, आपण म्हणू गोंड्याचा, तुकडा सुटून रक्तात येतो. तो सीटीएक्स. गोंडे मोजायचे आणि किती वेण्या सुटल्या ते ओळखायचं.

गोंडा मोजण्याच्या या पद्धती १९९० च्या दशकात आल्या, काही अमेरिकेत, काही डेन्मार्कमध्ये. २०११ मध्ये जागतिक संघटनांनी सुचवलं की सगळ्यांनी एकाच मापाने बोलावं म्हणून या दोन तपासण्या प्रमाण धराव्यात. डेक्सा म्हणजे बँकेतली शिल्लक. ती हलायला एक-दोन वर्षं लागतात. सीटीएक्स म्हणजे या महिन्याचा खर्च, पी वन एन पी म्हणजे जमा. औषध लागू पडतंय की नाही हे शिल्लक बघून कळेपर्यंत दोन वर्षं जातात, खर्चाची वही मात्र तीन महिन्यांत सांगते. पण वहीही लहरी आहे. सीटीएक्स पहाटे जास्त असतं आणि खाल्लं की उतरतं, म्हणून सकाळी उपाशीपोटीच द्यायचं. हाड मोडलेलं असलं तर कित्येक महिने आकडे चढे राहतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर काही यंत्रं चक्क फसतात. (माझ्या केसांकडे पाहूनही डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला, हे कौतुकाचं.) आणि साधारण तीस टक्क्यांहून कमी फरक असेल तर तो फरक मानत नाहीत.

आता माझी फजिती. पहिला आकडा होता ५८०. सहा महिन्यांनी ५१०. म्हणजे काहीच नाही. निम्म्याच्या आसपास यायला हवा होता.

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, गोळी कशी घेता?"

"रविवारी सकाळी."

"कशाबरोबर?"

"पाण्याबरोबर," मी म्हणाले.

खोटं. त्र्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या विद्यार्थ्यासमोर. मी गोळी चहाबरोबर घेत होते, वर दोन खारी. ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी, मग अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, आडवं होऊ नये, हे सगळं त्यांनी मला सांगितलेलं होतं. पण साडेपाचला चहा नाही म्हणजे काय! एवढ्याशा चहाने काय होतंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ते काही बोलले नाहीत. लिहायला लागले. थायरॉइड, पॅराथायरॉइड, आतड्यात शोषण होतं का, अशा आणखी तपासण्या, आणि गोळी लागू पडत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध. मुलगा शेजारी बसून खर्चाचा अंदाज घेत होता. कागद घेऊन आम्ही जिना उतरलो. खालच्या पायरीवर मी मुलाला म्हटलं, थांब जरा, आणि पुन्हा वर गेले.

दार ढकलून सांगितलं, "चहाबरोबर घेते. पहिल्यापासून."

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही पाण्याबरोबर म्हणालात, मग मला दुसरं कारण शोधायलाच हवं ना." मग बसवून सांगितलं. ही गोळी पाण्याबरोबर घेतली तरी शंभरातला एक भागसुद्धा शरीरात शिरत नाही. काळ्या कॉफीने त्यातला निम्म्याहून जास्त जातो. आणि दुधाच्या चहातलं कॅल्शियम तर औषधाला पकडूनच ठेवतं. का पकडतं, याचा इतिहासही गमतीचा आहे. पाण्याच्या नळात चुन्याचा थर बसू नये म्हणून जे फॉस्फेट वापरतात, त्याचा भाऊबंद आपल्या शरीरातही असतो असं स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइश यांना दिसलं, आणि त्यातून १९६० च्या दशकात या औषधांचं घराणं सुरू झालं. कॅल्शियम दिसलं की चिकटायचं हाच त्यांचा स्वभाव. हाडाला चिकटावं म्हणून दिलेलं औषध मी माझ्या कपातल्या दुधाला चिकटवत होते!

नव्या तपासण्यांचा कागद त्यांनी परत घेतला. त्यानंतर रविवारी गोळी, पेलाभर पाणी, आणि अर्धा तास अंगणात फेऱ्या. तीन महिन्यांनी आकडा आला १९०.

सगळ्यांनीच उठून ही तपासणी करावी असं नाही. ती स्वस्त नाही, रोग आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही, आणि पुष्कळ डॉक्टर तिच्यावाचून औषध चांगलं चालवतात. माझ्यासारख्या खोटारड्या रुग्णांना मात्र ती उपयोगी आहे.

बुधवारचा अहवाल काल आला. २०५. म्हणजे फरक नाही, चांगलंच आहे.

धाकट्या बहिणीने फोनवर आकडा ऐकून घेतला आणि मग हळूच सांगितलं की तिच्या गोळ्या आठ महिन्यांपासून कपाटाच्या खणात तशाच पडल्या आहेत. तिची पाठ आता आईसारखी दिसायला लागली आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. मी शनिवारी तिच्याकडे राहायला जातेय. रविवारी साडेपाचला तिला उठवणार आहे, आणि चहाचं आधण सहाशिवाय ठेवू देणार नाही.