सिलिकोसिस

सिलिकोसिस हा स्फटिकरूप सिलिकाची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुप्फुसांचा व्यवसायजन्य रोग आहे. दगडखाणी, खडी केंद्रे व पाटीवरच्या पेन्सिलींचे कारखाने येथील कामगारांत तो आढळतो. धुळीचे अतिसूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांना गिळणाऱ्या भक्षक पेशी मरतात आणि फुप्फुसांत व्रणऊती साठत जाते. ही हानी भरून येत नाही; काम सोडल्यावरही ती वाढू शकते. या रुग्णांना क्षयरोगाचा धोकाही अधिक असतो. लक्षणे मिळतीजुळती असल्याने, रुग्णाच्या व्यवसायाची चौकशी न झाल्यास केवळ क्षयाचेच निदान होते व कामगार नुकसानभरपाईला मुकतो. वस्तुतः २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसची नोंद होती. पाणी मारून दगड कापल्यास धूळ बरीच कमी होते. तोंडाला बांधलेला रुमाल मात्र हे कण पुरेसे अडवत नाही.