तिंबलेली कणीक : एका गोड पावाचा इतिहास

‘पाव’ हा शब्द ‘पाय’पासून आला, कारण बेकरीत पिठाचा गोळा पायांनी तुडवतात, ही व्युत्पत्ती आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी घरातल्या कुणा वडीलधाऱ्याच्या तोंडून ऐकलेली असते. ती खरी नाही, हे आता नव्याने सांगायला नको. पोर्तुगीज भाषेत पावाला ‘पाँव’ म्हणतात आणि हा शब्द बटाटा, पगार, चावी, लिलाव, घमेले या आपल्या सोबत्यांसह मराठीत आला. गोव्यात आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फु दालगादु यांनी आशियाई भाषांवर पडलेल्या पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाचा आपला कोश १९१३ साली प्रसिद्ध केला. त्यात या शब्दाचा प्रवास नोंदलेला आहे. परंतु लोकव्युत्पत्ती खोटी ठरली म्हणून ती निरर्थक ठरत नाही. पीठ कोण मळतो, कशाने मळतो आणि त्याच्या हातचे आपण खावे की नाही, ही धास्ती त्या एका ‘पाया’त साठलेली आहे. ही धास्ती केवळ आपलीच नव्हे. इजिप्तचे लोक चिखल हातांनी मळतात आणि कणीक मात्र पायांनी, असे हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले होते. परक्याच्या अन्नाकडे पाहताना नजर आधी त्याच्या परातीकडे जाते.

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे पोर्तुगीजांचा एक निराळाच पाव. आपल्या लादीपावाशी त्याचे दुरूनच नाते आहे. अंडी, लोणी, दूध आणि भरपूर साखर घातलेला, वरून काळपट तपकिरी, आतून पिवळसर आणि कापसासारखा सुटणारा हा गोड पाव अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर घरोघर होत आला. कधी त्याचा मोठा गोल लोफ करतात, कधी मुठीएवढे लहान पाव. त्याला तिथे ‘मासा सोव्हादा’ म्हणतात. मराठी कानाला यात मासळीचा भास होईल. पण ‘मासा’ म्हणजे भिजवलेले पीठ, कणीक. आणि ‘सोव्हार’ म्हणजे मळणे, तिंबणे. पोर्तुगीजमध्ये एखाद्याला चोप देणे या अर्थीही याच धातूपासून बनलेला शब्द वापरतात. आपल्याकडेही ‘कणीक तिंबणे’ या वाक्प्रचाराचा लाक्षणिक अर्थ तोच आहे. दोन दूरच्या भाषांनी स्वयंपाकघरातल्या एकाच क्रियेतून एकच रूपक काढावे, याचे नवल वाटते. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की या पावाच्या नावात साखर नाही, अंडी नाहीत, चवीचा उल्लेखच नाही. आहेत ते फक्त कष्ट.

घरी हा पाव करू पाहणाऱ्याला नावाचा अर्थ पहिल्या अर्ध्या तासातच कळतो. अर्धा किलो मैद्याला साधारण १२५ ग्रॅम साखर, ३ अंडी, ७५ ग्रॅम लोणी, दीडशे मिलिलिटरच्या आत कोमट दूध, चिमूटभर मीठ, ७ ग्रॅम सुके यीस्ट आणि किसलेली लिंबाची साल, एवढाच ऐवज. पण यातला प्रत्येक श्रीमंत घटक पाव फुगण्याच्या आड येतो. साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे यीस्ट मंदावते. लोणी पिठातल्या चिवट तंतूंवर लेप देऊन त्यांना एकमेकांत गुंफू देत नाही. म्हणून जाणत्या बायका आधी थोडे पीठ, दूध व यीस्ट एकत्र करून ते आंबवून घेतात, मग बाकीचे पीठ, अंडी व साखर घालतात आणि लोणी शेवटी, थोडे थोडे. मग सुरू होते ते तिंबणे. पहिली दहा मिनिटे गोळा हाताला, परातीला, मनगटाला चिकटत राहतो आणि आणखी पीठ घालण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा लागतो, नाहीतर पाव विटेसारखा होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी, खांदे भरून आल्यावर, गोळा अचानक परात सोडतो आणि ताणला तर पापुद्र्यासारखा पारदर्शक होतो. साध्या पावाला दीड तास पुरतो तिथे याला दुप्पट वेळ किंवा सबंध रात्र द्यावी लागते. दुसऱ्यांदा फुगवून, वर अंडे चोपडून १७५ अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावा. साखरेमुळे तो लवकर रंग धरतो, तेव्हा रंगाला भुलून बाहेर काढू नये.

अझोर्समध्ये मळून झालेल्या गोळ्यावर हाताच्या कडेने क्रूस उमटवून ‘देव तुला वाढवो’ अशा अर्थाचे शब्द उच्चारण्याची आणि मग परात कांबळीत गुंडाळून ठेवण्याची रीत होती. हा भाबडेपणा नव्हे. गव्हाचे पीठ, अंडी आणि साखर एकत्र येण्याचा दिवस वर्षातून दोन-चारदाच उजाडत असे. बेटांवर गहू पिके, निर्यातही होई. पण सामान्य माणसाच्या रोजच्या जेवणात मक्याची भाकरी होती. गोड पाव सणाचा. ईस्टरला त्यात कवचासकट अख्खे अंडे खोचून भाजत. ईस्टरनंतरच्या सात आठवड्यांत पवित्र आत्म्याचा उत्सव असे. गावातल्या एखाद्या साध्या कुटुंबाच्या माणसाच्या डोक्यावर चांदीचा मुकुट ठेवला जाई, आणि मांस, पाव व द्राक्षारस सर्वांना वाटला जाई. या उत्सवाचा उगम परंपरा राणी इझाबेलपाशी (१२७१–१३३६) नेते. गरिबांसाठी पदरात लपवून नेलेला तिचा पाव राजाने हटकताच गुलाबाची फुले झाला, अशी दंतकथा आहे. मुख्य भूमीवर हा उत्सव पुष्कळसा ओसरला, पण बेटांवर टिकला. भूकंप, ज्वालामुखी आणि समुद्र यांच्या मधोमध राहणाऱ्या माणसांना नवस सोडवत नाही. या बेटपणालाच व्हितोरिनु नेमेझिउ या अझोरियन साहित्यिकाने १९३२ साली ‘आसोरियानिदादि’, म्हणजे अझोरियनपण, असे नाव दिले.

आता साखरेकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

अझोर्सच्या आग्नेयेला पोर्तुगालचेच मदेइरा हे बेट आहे. पंधराव्या शतकात युरोपला साखर पुरवणारे ते एक प्रमुख केंद्र झाले. तिथल्या उभ्या डोंगरकड्यांवर पाण्याचे पाट कोरायला आणि उसाचे मळे राबवायला कॅनरी बेटांतून व आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. पुढे ब्राझीलमध्ये ज्या गुलामीच्या साखरमळ्यांचा प्रचंड विस्तार झाला, त्यांची लहान प्रमाणातली तालीम इथे झाली असे म्हणायला हरकत नाही. ब्राझीलच्या साखरेपुढे मदेइरा मागे पडले आणि द्राक्षमळ्यांकडे वळले. १८५२ च्या सुमारास द्राक्षांवर भुरी रोग आला, १८७२ मध्ये वेलींची मुळे खाणारी फिलॉक्सेरा ही कीड आली, आणि बेट उपासमारीला लागले. याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हवाईच्या राज्यात साखर-मळेवाले मजूर शोधत होते. ३० सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिसिला’ हे जहाज मदेइराहून सुमारे १२० माणसे घेऊन होनोलुलूला लागले. पुढल्या वर्षी ‘रॅव्हेन्सक्रॅग’ चार महिन्यांचा प्रवास करून २३ ऑगस्टला पोचले, त्यात चारशेहून अधिक माणसे होती. अझोर्सच्या साँव मिगेल बेटावरूनही माणसे निघाली. १९१३ पर्यंत वीस हजारांहून अधिक पोर्तुगीज बेटकरी हवाईत उतरले. ज्यांच्या बेटाने युरोपला साखरेची चटक लावली, त्यांचे वंशज आता दुसऱ्याच्या बेटावर ऊस तोडायला गेले.

इतर देशांतून आलेले बरेचसे मजूर आरंभी एकटे पुरुष होते. पोर्तुगीज मात्र बायकामुलांसह आले, कारण मळेवाल्यांना कायम वस्ती करणारी कुटुंबे हवी होती. मला वाटते, गोड पावाच्या इतिहासातील ही सर्वांत निर्णायक गोष्ट आहे. बायका आल्या म्हणून पाव आला. मजुरांच्या वस्त्यांमध्ये दगडमातीच्या घुमटाकार भट्ट्या उभ्या राहिल्या. लाकडे जाळून भट्टी तापवायची, निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि उरलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. पावाचा वास चिनी, जपानी, हवाईयन शेजाऱ्यांच्या घरांत गेला आणि वासामागोमाग पावही गेला. शिवाय मायदेशी जी साखर सणापुरती हाती लागे, ती इथे भोवताली पिकत होती. सणाचा पाव आठवड्याचा झाला.

‘रॅव्हेन्सक्रॅग’वरून आणखी एक गोष्ट हवाईत आली. मानुएल नुनिश, आउगुश्तु दियश आणि जुझे दु इश्पीरितु सांतु हे तीन सुतार त्या जहाजावर होते. त्यांनी मदेइरातल्या लहान चौतारी वाद्यावरून उकुलेले घडवले. त्यांची नावे संगीताच्या इतिहासात आहेत आणि ती असायलाच हवीत. पण त्याच जहाजातून उतरून पहिली भट्टी पेटवणाऱ्या, पहिला गोळा मळणाऱ्या बाईचे नाव कुठल्याही इतिहासात नाही. वाद्य कारखान्यात बनले, विकले गेले, त्यावर कारागिराची खूण राहिली. पाव संध्याकाळपर्यंत संपला. शिवाय पाककृती लिहिलेली नव्हती. ती मनगटात होती. लिखित पुराव्यावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना मनगट वाचता येत नाही, ही आपल्या विद्येची मर्यादा. मोडी वाचणाऱ्याला निदान कागद तरी मिळतो. असो.

पुढली कथा बाजाराची आहे. ओकिनावातून हवाईत आलेल्या जपानी कुटुंबातील रॉबर्ट तायरा यांनी १९५० साली हिलो येथे बेकरी काढली. पोर्तुगीज गोड पावावर प्रयोग करून त्यांनी अधिक दिवस मऊ राहणारा पाव सिद्ध केला. १९६३ मध्ये ते होनोलुलूच्या किंग स्ट्रीटवर आले आणि १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे कारखाना उभा राहिला. आज अमेरिकेच्या दुकानांतून नारिंगी वेष्टनात मिळणारा हा पाव ‘हवाईयन’ म्हणून ओळखला जातो. याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. अन्न असेच हात बदलते. जपानी भाषेत पावाला ‘पान’ म्हणतात आणि तो शब्दही सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज ‘पाँव’चाच. म्हणजे तायरांच्या पूर्वजांच्या देशात शब्द आधी पोचला होता, हा पाव तीनशे वर्षांनी त्यांना तिसऱ्याच बेटावर भेटला. मात्र एक बदल नजरेआड करता येत नाही. ‘तिंबलेली कणीक’ हे कष्टाचे नाव गेले आणि त्या जागी एका रम्य बेटाचे नाव आले. त्या बेटावरचा शेवटचा मोठा साखर कारखाना, माउईमधला, २०१६ च्या डिसेंबरात बंद झाला. वेष्टनावरचा गोडवा मात्र तसाच आहे.

आता आपल्याकडे पाहू. पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून आणि वसईत १५३४ पासून होते. मग ‘पाँव’ आला आणि ‘मासा सोव्हादा’ का आला नाही? एक कारण उघड आहे: कोकणपट्टी तांदळाची, घरात चूल होती, भट्टी नव्हती. आपल्याकडे पाव घरची बाई मळत नव्हती. तो गोऱ्यांच्या गरजेसाठी पोदेर नावाच्या व्यावसायिक पुरुषाच्या भट्टीत, माडाच्या सुरीने आंबवून तयार होई आणि दारावर विकला जाई. जे घरात मळले जात नाही त्याविषयी प्रवाद उठतात, आणि इथे तर मळणारा बाटलेला. म्हणूनच १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिभेद मोडल्याची ती कसोटी होती. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग या सभेच्या अग्रणींपैकी. मराठी भाषेला नियम घालून देणाऱ्याने मराठी समाजाचा नियम पावाच्या तुकड्याने मोडू पाहावा, याचा विचार वाङ्मयेतिहासात फारसा झालेला नाही. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन बाहेर फुटली आणि ती विस्कटली. अझोर्सच्या गावाला एकत्र बांधणारी वस्तू मुंबईत समाज फोडणारी ठरली. पीठ, पाणी, मीठ तेच.

तरी ‘आपल्याकडे’ हा शब्द मी वर फार सैलपणे वापरला, याची मला जाणीव आहे. वसई-मुंबईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात, त्यांच्या घरांत पीठ मळले जातच होते. लग्नाकार्याला आणि सणाला त्यांच्याकडे ‘फुगे’ किंवा ‘फुगिया’ होतात. मैदा, अंडी, नारळाचे दूध, थोडी साखर, पूर्वी आंबवायला ताडी आणि आता यीस्ट. ते मिश्रण हाताने खूप वेळ फेटायचे आणि फुगू द्यायचे. भट्टी नाही म्हणून ते कढईत तळायचे. हवाईत मदेइरा-अझोर्सच्या लोकांनी नेलेला ‘मालासादा’ हाही असाच आंबवलेल्या अंड्याच्या पिठाचा तळलेला गोळा. या दोहोंचे थेट नाते सिद्ध करण्याचा माझा आग्रह नाही. पण फुगियाच्या नावात पोर्तुगीज काहीच उरलेले नाही. ते आपल्या ‘फुगणे’ या क्रियापदातून आले आहे. आंबलेले पीठ मुठीत घ्यायचे, अंगठा व तर्जनी यांच्या मधून पिळून वर काढायचे आणि तापल्या तेलात सोडायचे. क्षणात गोळा वर येतो, आपोआप उलटतो आणि दुसऱ्या बाजूने तळू लागतो.