शब्दांची टाकसाळ आणि शब्दांचे चलन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हाती आली की वाचक प्रथम पदाधिकाऱ्यांची यादी पाहतो. त्या यादीवर क्षणभर दृष्टी स्थिर केली, तर एक मौज ध्यानात येते. 'अध्यक्ष' आणि 'कार्यवाह' हे संस्कृत वळणाचे शब्द, तर 'चिटणीस' आणि 'खजिनदार' हे फारसीच्या सहवासातून आलेले. दोन्ही घराणी एकाच पृष्ठावर गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. परंतु ह्या सहवासामागे तीन शतकांहून अधिक काळ चाललेला एक वाद आहे. नवे शब्द घडवावेत की आलेले स्वीकारावेत, हा तो वाद. महाराष्ट्राबाहेर मराठी जतन करू पाहणाऱ्या आम्हां मंडळींना तो परका नाही.

1674 साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि राज्यकारभाराच्या भाषेकडे त्यांचे लक्ष वळले. कित्येक पिढ्यांच्या सुलतानी अमलामुळे दरबारी मराठी फारसी शब्दांनी भरून गेली होती. महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. दुर्ग, शस्त्रे, लेखन, व्यापार अशा विषयांचे दहा वर्ग करून त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. हा कोश रघुनाथपंत हणमंते ह्यांच्या नावाने ओळखला जातो. हणमंते घराण्याने शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीचा कारभार पाहिला होता. म्हणजे मराठीच्या शब्दघडणीच्या ह्या पहिल्या मोठ्या उद्योगाशी बृहन्महाराष्ट्राचे नाते आरंभापासूनच जडलेले आहे, ह्याचा आम्हांस सार्थ अभिमान वाटतो.

त्या शब्दांचे पुढे काय झाले? मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनौबताचा सेनापती झाला. पेशव्याला मुख्य प्रधान, पंतप्रधान अशी नावे मिळाली. परंतु अठराव्या शतकात साऱ्या हिंदुस्थानाने त्याला ओळखले ते 'पेशवा' ह्याच नावाने. कोश हरला आणि रूढी जिंकली, असे तेव्हा कोणासही वाटले असते. मात्र आज देशाच्या कार्यकारी प्रमुखाला मराठी वर्तमानपत्र 'पंतप्रधान' म्हणते आणि मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी 'सचिव' असतो. गरज उत्पन्न होताच जुने नाणे पुन्हा चलनात आले.

एकोणिसाव्या शतकात कामाचे स्वरूप पालटले. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती 1857 साली आली. हे कार्य शब्द घडविण्याचे नव्हते. लोकांच्या तोंडी असलेले शब्द वेचून नोंदविण्याचे होते. शेतकऱ्याचा, कोष्ट्याचा, सुताराचा शब्द त्यात आदराने बसला. शब्द घडविणाऱ्याने आधी आपल्या घरात काय आहे ते पाहावे, हा धडा त्या कोशाने दिला. पुढच्या अनेकांना त्याचा विसर पडला.

विसाव्या शतकात महाराष्ट्राबाहेर बडोद्यास असाच एक मोठा उद्योग झाला. सयाजीराव गायकवाड ह्यांच्या प्रेरणेने 1931 साली 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना अनेक भारतीय भाषांतील पर्याय त्यात शेजारी शेजारी मांडले होते. गुजराती प्रजेवर राज्य करणाऱ्या मराठी संस्थानाला एका भाषेपुरता विचार करून भागणारे नव्हते.

त्याच सुमारास रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ आरंभिली. बडोद्यास जन्मलेले, फारसीचे व्यासंगी माधव जूलियन ह्यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश दिला आणि 1938 साली त्यांचाच 'भाषाशुद्धि-विवेक' आला. फारसीचा ज्ञाताच भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता व्हावा, हे विशेष. सावरकरांचे 'महापौर', 'दिनांक', 'हुतात्मा' हे शब्द आज इतके आपले झाले आहेत, की ते कोणी घडविले हेही सामान्य वाचकाला ठाऊक नसते. पण 'कायदा' घालवून त्याच्या जागी 'निर्बंध' बसविण्याचा प्रयत्न साधला नाही. 'कायदा' राहिला आणि 'निर्बंध' बंधन ह्या अर्थाने जगला. 'नभोवाणी'ची जागा मैसूरहून आलेल्या 'आकाशवाणी'ने घेतली. 'दिनांक' पत्राच्या शिरोभागी स्थिरावला, तर न्यायालयात आजही 'तारीख'च पडते.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर 1960 साली भाषा संचालनालय निघाले आणि 1962 साली 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. त्यातील शब्दांची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. तरी आज 'जिल्हाधिकारी' किंवा 'संचालक' म्हणताना कोणास हसू येत नाही. उलट 'भ्रमणध्वनी' छापील मजकुरापुरता उरला आहे आणि बोलण्यात 'मोबाइल'च आहे. 2020 च्या महामारीत 'टाळेबंदी' हा कारखान्यांच्या जगातला शब्द एका आठवड्यात घरोघर पोहोचला. त्यासाठी कोणतीही समिती बसली नव्हती.

ह्या साऱ्या इतिहासावरून आम्हांस असे दिसते, की शब्दाची कुळी पाहून त्याचे आयुष्य ठरत नाही. तो सुटसुटीत असावा, त्याची गरज असावी आणि शाळा, कचेरी किंवा वर्तमानपत्र ह्यांपैकी कोणीतरी तो नित्य वापरावा लागतो.

आणि येथेच परप्रांतीय मराठी माणसाची अडचण आहे. आमच्या शाळा, कचेऱ्या व वर्तमानपत्रे दुसऱ्या भाषेची आहेत. नवी कल्पना आमच्या घरात येते ती हिंदी वा इंग्रजी वेष घेऊन. हिंदी प्रदेशात वाढलेले आमचे मूल 'शिक्षा मंत्री' म्हणते, तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या आजीच्या डोळ्यांपुढे छडी उभी राहते! शब्द एकच, संस्कृतही एकच, पण मराठीत त्याचा अर्थ दंड. मुलाचा ह्यात दोष नाही. 'शिक्षणमंत्री' हा शब्द त्याच्या कानावर पडण्याचे ठिकाणच उरलेले नाही.

ते ठिकाण मंडळाने व्हावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. नवे कोश रचण्याचे सामर्थ्य आम्हांपाशी नाही. परंतु मंडळाची सूचना, सभेचे इतिवृत्त, बालवाचनालयातील गप्पा आणि गणेशोत्सवातील निवेदन ह्यांत घडलेला मराठी शब्द न संकोचता वापरणे आमच्या हाती आहे. आलेल्या परक्या शब्दाचा द्वेष करण्याचे कारण नाही. आमच्या खजिनदारांना त्यांचे पदनाम लखलाभ असो. मात्र आपल्याजवळ चांगले नाणे असता ते पेटीत ठेवून उसनवारी करणे शोभणारे नाही. गेली पन्नास वर्षे मंडळाने मराठी माणसांना एकत्र आणले. पुढील पन्नास वर्षांत त्याने मराठी शब्दही चलनात ठेवावेत, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतो.