होल-३० आणि किटो एकत्र करायचं? आधी हे समजून घ्या

अम्मीची शुगर वाढली, अब्बूंचं पोट सुटलं किंवा घरातल्या एखाद्या मुलीला पीसीओडी निघालं की दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर डायटचे व्हिडिओ यायला लागतात. कोणी म्हणतं भात-चपाती बंद करा, कोणी म्हणतं दूध आणि साखर सोडा. अलीकडे काही जण दोन डायट एकत्र करण्याचा सल्ला देतात. एक 'होल-३०', दुसरा 'किटो'. मटण, चिकन, मासे, अंडी दोन्हींत चालतात, त्यामुळे आपल्या घरांमध्ये हा सल्ला लगेच पटतो.

पण हे दोन डायट एकसारखे नाहीत. दोघांचे हेतू वेगळे आहेत, नियमही वेगळे आहेत. शुगर-बीपीच्या गोळ्या सुरू असणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाने हा प्रयोग केला तर तो थेट दवाखान्यात पोहोचू शकतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंबाचा आहे.

होल-३० म्हणजे काय?

हा डायट २००९ मध्ये अमेरिकेत मेलिसा आणि डॅलस हार्टविग यांनी सुरू केला. यात ३० दिवस काही पदार्थ पूर्ण बंद ठेवायचे आणि नंतर एकेक करून परत सुरू करायचे असतात. कोणत्या पदार्थाने आपलं पोट फुगतं, अंगावर पुरळ येतं, सुस्ती येते, हे ओळखणं हा त्याचा मुख्य हेतू. म्हणूनच ३० दिवसांत वजन करायचं नाही, असा त्यात नियम आहे.

बंद असलेले पदार्थ असे:

- साखर, गूळ, मध आणि साखरेऐवजी वापरली जाणारी कृत्रिम गोडी
- गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका अशी सगळी धान्यं
- डाळी, कडधान्यं, बेसन, सोयाबीन आणि शेंगदाणे (शेंगदाणा हे कडधान्यच आहे)
- दूध, दही, पनीर, चीज, मलई
- दारू (आपल्याकडे हा नियम मुळातच पाळलेला असतो)

साजूक तूप मात्र चालतं, कारण त्यातला दुधाचा घन भाग कढवताना निघून जातो. फळं, बटाटा, रताळं, खजूर हेही चालतं. आणखी एक महत्त्वाचा नियम म्हणजे चालणारे पदार्थ वापरून ब्रेड, केक, पॅनकेक 'बनावट' करायचे नाहीत. त्यामुळे बदामाच्या पिठाची भाकरी किंवा डायट-केक यात बसत नाही.

किटो म्हणजे काय?

किटोचा जन्म वजन कमी करण्यासाठी झालेला नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या एपिलेप्सीवर तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरला जातो.

यात दिवसभराची कर्बोदकं साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवली जातात. साखर मिळाली नाही की लिव्हर चरबीपासून 'किटोन' तयार करतं आणि शरीर त्यावर चालतं. जेवणातली ७० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तेल-तूप-चरबीतून येते. इथे दूध नाही, पण चीज, मलई आणि साखरविरहित गोडी चालते.

हिशोब किती कडक आहे ते या आकड्यांवरून कळेल. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. एका मध्यम चपातीत १५ ते २० ग्रॅम. एका मध्यम केळ्यात २७ ग्रॅम. एका मोठ्या मेजूल खजुरात जवळपास १८ ग्रॅम. म्हणजे एक चपाती आणि एक खजूर खाल्ला की दिवसाचा कोटा बहुतेक संपला.

दोन्ही एकत्र केले तर ताटात काय उरतं?

होल-३० ने दूध आणि गोडी काढली, किटोने बटाटा, रताळं, केळी आणि खजूर काढले. दोन्ही चाळण्यांतून गेल्यावर उरतं ते असं:

- मटण, चिकन, कलेजी, पाया, अंडी
- बांगडा, सुरमई, तारली, बोंबील, कोळंबी (रवा किंवा तांदळाचं पीठ न लावता)
- पालक, मेथी, फ्लॉवर, कोबी, दुधी, भेंडी, वांगी, काकडी, सिमला मिरची
- ओलं खोबरं, नारळाचं दूध, साजूक तूप, खोबरेल, ऑलिव्ह तेल
- बदाम, अक्रोड मूठभर. काजू जपून, त्यात कर्बोदकं जास्त
- लिंबू, कोकम, आलं-लसूण, कोथिंबीर, अख्खे मसाले

कोकणातल्या घरांना हे तुलनेने सोपं जाईल. नारळाच्या वाटणातलं माशाचं सालन, कोकम, तव्यावर तुपात परतलेला बांगडा हे सगळं चालतं. फक्त सोबतची तांदळाची भाकरी नाही. मराठवाडा-विदर्भाकडच्या घरांत अडचण जास्त, कारण सालनाला शेंगदाण्याचं कूट किंवा फुटाण्याची डाळ लावली जाते. ती जागा खोबरं, तीळ किंवा खसखस भरून काढू शकते.

शामी कबाबात चणाडाळ असते, खिचड्यात गहू आणि डाळी, सीख कबाबात बऱ्याचदा बेसन. हे तिन्ही बाद. मटणाला दही लावता येत नाही, तिथे लिंबू आणि कच्ची पपई चालते. तयार मसाल्याच्या पाकिटात साखर किंवा पीठ आहे का, ते मागे वाचून बघा. दुधाचा चहाही बंद. कोरा किंवा लिंबाचा बिनसाखरेचा चहा प्यावा लागतो, आणि बहुतेकांना सगळ्यात जड हेच जातं.

एका दिवसाचं साधं उदाहरण: सकाळी तुपात दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट आणि परतलेला पालक. दुपारी चिकनचं नारळातलं सालन, भाताऐवजी किसून वाफवलेला फ्लॉवर, काकडी. रात्री पायाचा रस्सा किंवा तळलेला मासा, सोबत भेंडी.

हलालच्या नजरेने काय तपासावं?

या दोन्ही डायटच्या इंग्रजी रेसिपींमध्ये डुकराचं मांस आणि त्याची चरबी सर्रास असते. ते आपण टाळतोच. पण काही गोष्टी नजरेतून सुटतात. कोलॅजन पावडर गाय, मासा किंवा डुक्कर यांपैकी कशापासूनही बनलेली असू शकते. तेलाच्या किंवा व्हिटॅमिनच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असतं. पाकिटावर हलालची खूण नसेल आणि जिलेटिन कशाचं ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. खरं तर यातलं काहीच गरजेचं नाही. आपल्या घरचा पायाचा रस्सा महागड्या पावडरीपेक्षा बरा.

एकत्र करण्यातली खरी अडचण

होल-३० चा फायदा तेव्हाच, जेव्हा शेवटी कळतं की त्रास कशाने होत होता. त्यासाठी ३० दिवसांनंतर डाळी, मग तांदूळ-ज्वारी-बाजरी, मग दूध, मग गहू असे गट एकेक दिवस खाऊन बघायचे. प्रत्येकानंतर दोन दिवस परत जुन्या नियमावर यायचं. पण किटोवर असताना डाळ किंवा भात खाल्ला की कर्बोदकांची मर्यादा मोडते. म्हणजे एक तर तपासणी होत नाही, नाही तर किटो तुटतो.

दुसरं असं की, दोन्ही एकदम सुरू केले आणि बरं वाटलं, तर ते दूध सोडल्यामुळे की भात कमी केल्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून पोट, त्वचा, ॲलर्जीची तक्रार असेल तर आधी फक्त होल-३० करावा, रताळं आणि फळं ठेवून. तपासणी पूर्ण झाल्यावर गरज वाटली तर डॉक्टरांना विचारून कर्बोदकं हळूहळू कमी करावीत.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरतं, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. शरीरातली साठवलेली साखर संपताना तिच्यासोबतचं पाणीही जातं. त्याच वेळी डोकेदुखी, चक्कर, पायात गोळे, चिडचिड, बद्धकोष्ठता होऊ शकते. पुरेसं पाणी, मीठ आणि भाज्या घेतल्या की बहुतेकांना काही दिवसांत आराम पडतो. बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र मीठ स्वतःहून वाढवू नये. काही लोकांत वाईट कोलेस्टेरॉल बरंच वाढतं, म्हणून आधी आणि नंतर रक्ततपासणी करावी.

हे वाचल्याशिवाय सुरू करू नका

शुगरची औषधं: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या सुरू असताना भात-चपाती एकदम बंद केली तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस डॉक्टरांनीच बदलायचा असतो.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी धोका आणखी वेगळा आहे. या गोळ्यांसोबत किटो केल्यास रक्तात आम्ल वाढून किटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि तेव्हा मशीनवर शुगर फारशी वाढलेली दिसतही नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं, खूप थकवा ही लक्षणं दिसली तर 'शुगर तर ठीक आहे' म्हणून थांबू नका. लगेच दवाखान्यात जा आणि कोणती गोळी व कोणता डायट सुरू आहे ते सांगा.

टाइप-१ मधुमेह, किडनी, पित्ताशय किंवा स्वादुपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या बहिणींनी हा प्रयोग करू नये. वाढत्या वयाच्या मुलांनाही यात ओढू नये. पूर्वी जेवण तोडण्याचा, उपाशी राहण्याचा आजार झालेल्यांनीही दूर राहावं.

रमजानमध्ये करावा का?

पहिल्यांदा सुरू करायला रमजान हा योग्य महिना नाही. सुरुवातीला शरीरातून पाणी आणि क्षार जास्त जातात, आणि रोज्यात दिवसभर पाणी पिता येत नाही. शिवाय इफ्तारचा खजूर किटोच्या हिशोबात बसवणं कठीण. मधुमेह असणाऱ्यांनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रोज्यात शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. आजारी माणसाला आपल्या दीनमध्ये सवलत दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

घरात एकच चूल असेल तर

एकासाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं शिजवण्याचा भार शेवटी घरातल्या बाईवर पडतो, आणि आठवड्याभरात डायटही मोडतो. त्यापेक्षा सालन सगळ्यांसाठी एकच करा, पिठाशिवाय आणि साखरेशिवाय. बाकीच्यांनी ते चपाती-भातासोबत खावं, डायटवाल्याने भाजीसोबत.

आणि इतका कडक नियम झेपत नसेल तर निराश होऊ नका. चहातली साखर बंद, भात अर्धा, ताटात भाजी दुप्पट, मैदा आणि बेकरी बाजूला, रात्री जेवल्यावर चालणं. एवढं वर्षभर टिकलं तर ३० दिवसांच्या कडक डायटपेक्षा जास्त उपयोगी पडेल. सेहत ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळताना घाई नको, आणि डॉक्टरांपासून काही लपवायलाही नको.